पहाडाच्या मांगं

दुपारच्या सुट्टीनंतरचा तास सुरू व्हायचा होता. हिंगणघाटच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी सहावीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, आंजीला आमच्या आईवडिलांच्या घरी राहतो. "वंदना, कुसुम गेली," एवढंच तो म्हणाला. कुसुम माझी वहिनी. पोटाच्या दुखण्यानं दोन महिने तिचं वर्ध्याच्या दवाखान्यात जाणं-येणं चाललं होतं, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित होती असं नाही. तरी हातातला लाल पेन खाली ठेवायचं मला सुचलं नाही... मग दादा हळूच म्हणाला, "काहीतरी इचारत होती मले. तोंडापाशी कान नेला, पण ऐकू नाई आलं."

आता काही आठवडे उलटलेत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, पुण्याहून आलेली दादाची मुलगी, माझी भाची प्रज्ञा परत नोकरीवर रुजू झाली. पण दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटच्या घटकेला माणसं काही सांगून जातात, काही मागतात, कुणाचं नाव घेतात. वहिनीनं प्रश्न विचारला. तिला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. मला मात्र तो प्रश्न कोणता असेल, याची विलक्षण उत्सुकता लागून राहिली आहे. उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही.

वहिनी वडनेरची. लग्न होऊन आंजीला आली तेव्हा मी शाळेत होते. नवी नवरी चार दिवस मान खाली घालून बसेल अशी आईची अपेक्षा असावी. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी आमच्या बाबांना विचारलं, "मामाजी, या विहिरीचं पाणी मचूळ काऊन आहे? अन् वाडीतल्या विहिरीचं गोड काऊन?" बाबांचा सगळा जन्म त्या दोन विहिरींवर गेला होता, पण त्यांना कधी हा प्रश्न पडला नव्हता. ते हसले आणि म्हणाले, "तूच शोध आता." तिनं खरंच शोधलं. पुढे कधीतरी भूजल खात्याची माणसं गावात आली तेव्हा वहिनी चहा घेऊन गेली आणि त्यांच्याजवळून खालच्या खडकाचं सगळं समजून आली. बाबांना तिनं अंगणात काडीनं रेघा ओढून ते दाखवलं. बाबा उकिडवे बसून बघत होते. तेव्हापासून बाबांची आणि तिची गट्टी जमली, ती त्यांच्या शेवटापर्यंत टिकली.

ती नर्स होती. आसपासच्या गावांतल्या उपकेंद्रांवर तिची नोकरी झाली. नर्सबाई म्हणून लोकांचा तिच्यावर जीव होता, पण तिच्या विचारपुशीला काही जण कंटाळतही असत. मुलाला ताप आहे म्हणून आलेल्या बाईला ती औषध देई, आणि मग तिच्या हातावरचं गोंदण कुणी केलं, कशानं केलं, दुखलं का, हे विचारत बसे. एकदा आर्वीहून येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या रोहण्याच्या बाईनं सांगितलं, की तिच्या घरी कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती आणि आता ती पिल्लं पाण्यात शिरली की कोंबडी काठावर जीव तोडून ओरडते. वहिनी सरळ रोहण्याला उतरली. दिवेलागणीला घरी पोचली तेव्हा दादा फाटकाशी उभा होता, भयंकर संतापलेला. "अवो, थे कोंबडी पाण्यात पाय टाकते अन् मांगं घेते," वहिनी त्याला सांगत होती, "पिल्लं मात्र खुशाल पोहून राह्यली. तुमी पाहाले पायजे होतं." दादाचा राग तसाच राहिला आणि तरी रात्रीच्या जेवणात त्यानं विचारलंच, "मंग कोंबडीनं काय केलं?"

ती दोघं निवृत्त झाल्यावरच्या उन्हाळ्यात प्रज्ञानं आम्हाला हिमाचलात नेलं. माझ्या मिस्टरांना रजा नव्हती, म्हणून आम्ही चौघंच : दादा, वहिनी, प्रज्ञा आणि मी. धर्मशाळेच्या वरच्या अंगाला मॅक्लिओडगंज आहे, तिथे मुक्काम होता. वर्ध्याच्या मे महिन्यातून निघून आलेल्या आम्हाला सकाळी स्वेटर घालावा लागतो याचंच अप्रूप होतं. तिथे तिबेटी लोकांची वस्ती मोठी. बुद्धविहारासमोर रांगेनं पितळी नळकांडी बसवलेली, येणारा-जाणारा ती हातानं फिरवत पुढे जातो. वहिनीनं एका म्हाताऱ्या तिबेटी बाईला गाठलं आणि आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "अम्मा, इसके अंदर क्या है?" म्हातारीनं तिला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, की आत कागदावर मंत्र लिहिलेले आहेत, एकदा फिरवलं की वाचल्याचं पुण्य. वहिनीनं एक नळकांडं फिरवून पाहिलं, त्याचा आवाज ऐकला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "या लोकायचं बरं आहे बाई. आपल्याले तर वाचाच लागते." म्हातारीला तिनं वाकून जयभीम केला. म्हातारीनंही हात जोडून तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं. मग दोघी हात हातात धरून बराच वेळ हसत उभ्या राहिल्या.

त्या गावातून वर पाहिलं की धौलाधारचे पहाड दिसतात. भिंतीसारखे सरळ उभे, माथ्यावर बर्फ. वहिनी हॉटेलच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन बसायची आणि तिकडे पाहत राहायची. दुसऱ्या दिवशी तिनं हॉटेलच्या व्यवस्थापकाला विचारलं, "भैया, इसके पीछे क्या है?" त्यानं सांगितलं, "पीछे तो चंबा है माताजी." "दिसता है क्या?" "यहाँ से कैसे दिखेगा?" मग कुठून दिसेल, हा पुढचा प्रश्न. तिथून काही दिसत नाही, पण जवळात जवळ जायचं तर त्रिउंडच्या डोंगरधारेवर जाता येतं, पायी, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत, असं त्याच्याकडून कळलं. चढ अवघड आहे, शेवटी तर फारच खडा आहे, असंही तो म्हणाला. पण ते वहिनीनं ऐकल्यासारखं दिसलं नाही.

प्रज्ञाचा बेत वेगळा होता. आई-बाबांनी खाली बाजारात फिरावं, आत्या आणि आपण दोघींनी वर जाऊन यावं. वहिनीचे गुडघे दुखायचे, हे कारण होतंच. "आई, तो ट्रेक आहे, शेताचा धुरा नाही," प्रज्ञा म्हणाली. "धुऱ्यावर मी साप पाहून चालतो," वहिनी म्हणाली, "इथं तर सापबी नसन." आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात, आणि बायकाही जातो-येतो असंच बोलतात. दादानं तिची बाजू घेतली. तो रोज सकाळी आंजीच्या रस्त्यानं लांब फिरून येणारा, त्याच्या चालण्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. "मी हावो न संग," तो म्हणाला. "नाई जमलं तं वापस येऊ."

सकाळी एका देवीच्या मंदिरापासून आम्ही चालायला लागलो. सुरुवातीला झाडी दाट होती. बुरांशाची लाल फुलं वाटेवर पडलेली. वहिनीनं एक चाखून पाहिलं, कारण समोरून येणाऱ्या बाईनं त्याचं सरबत करतात असं सांगितलं होतं. ती हळू चालायची, पण थांबायची ती दम लागला म्हणून कमी आणि काही दिसलं म्हणून जास्त. खेचरांची रांग सामान घेऊन वर जात होती, तर तिनं खेचरवाल्याला विचारून घेतलं, की पहिलं खेचर घसरलं तर मागची काय करतात. मध्येच दगड आपल्याकडच्यासारखा काळा नाही, राखी आहे आणि चमकतो, म्हणून एक खडा उचलून उन्हात धरला. मला तेव्हा वाटलं होतं, हिला वर पोचण्याची घाईच नाही. आता वाटतं, ती आमच्यापैकी सगळ्यांत जास्त पोचत होती, प्रत्येक वळणावर...

झाडी संपली आणि वाट पहाडाच्या कडेनं जाऊ लागली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. खाली कांगड्याचं खोरं धुरकट निळं, त्यात नदीची चंदेरी रेघ. मी आणि प्रज्ञा फोटो काढत होतो. मागे पाहिलं तर दादा कातळाला पाठ लावून खाली बसला होता. चेहरा पांढरा, डोळे मिटलेले, हातानं दगडाची कड घट्ट धरलेली. वहिनी त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याची नाडी पाहत होती. ती शांत होती. "छातीत दुखते का?" "नाई." "मंग?" दादा म्हणाला, "खाली पाह्यलं की गरगरते मले."

"कवापासून?"

"लहानपणापासून. विहिरीत डोकावलो तरी होते."

वहिनी त्याच्याकडे पाहतच राहिली. इतक्या वर्षांचा संसार, रोजचं उठणं-बसणं, आणि ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. "म्हून तुमी विहिरीचा गाळ काहाडाले कधी उतरले नाई," ती म्हणाली. "अन् मले वाटे, आळस आहे." दादा डोळे मिटूनच थोडा हसला. तिच्या आवाजात रागही नव्हता, कीवही नव्हती. एखाद्या ओळखीच्या घरात न पाहिलेली खोली सापडावी तशी ती त्याला एकेक विचारत होती. डोळे मिटल्यावर कमी होते का, पूल ओलांडताना होते का, माझ्या लग्नात मांडवाचं छप्पर बांधायला तो चढला होता तेव्हा काय केलं. तो उत्तरं देत गेला. बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं त्याला कातळाच्या बाजूनं ठेवून, हाताला धरून, थोडं मागे असलेल्या चहाच्या टपरीपर्यंत आणलं.

आता वहिनी इथेच थांबणार, हे मी धरून चालले होते. कुणी आजारी पडलं, कुणाचं अडलं, की मागे थांबणारी नेहमी तीच असायची. प्रज्ञाही म्हणाली, "आई, तू बाबांजवळ बस, आम्ही जाऊन येतो." वहिनीनं वर पाहिलं. तिथून धार दिसत होती, अगदी जवळ वाटत होती. दादाच बोलला. "तू जा," तो म्हणाला. "मी अठीच बसतो. पाहून ये, अन् मले सांग."

"जाऊ?"

"जा म्हणतो न."

शेवटची चढण खरोखरच खडी होती. वळणावर वळण, दगडी उंच पायऱ्या. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून चढत होती आणि आता विचारत काहीच नव्हती, सगळा श्वास पायांना लागत होता. एका ठिकाणी तिचे डोळे पाण्यानं भरले. परत फिरू या का, म्हणून मी विचारलं तर तिनं मान हलवली. माथ्यावर पोचलो तेव्हा आधी वारा लागला, मग हिरवं गवताळ पठार दिसलं, आणि त्याच्या पलीकडे एकदम समोर तो बर्फाचा पहाड. खालून भिंतीसारखा दिसणारा तो इथून भिंत वाटत नव्हता. त्याला घड्या होत्या, घळी होत्या, बर्फाच्या वाहत्या रेघा होत्या. वहिनी गवतात बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अजून मांगचं काही दिसत नाईच न, बाई."

आम्ही तिथल्या टपरीत चहा आणि मॅगी मागवली. प्रज्ञा पैसे देऊन आली तोवर वहिनी जागेवर नव्हती. आधी वाटलं, झाडामागे गेली असेल. मग पठारभर शोधलं. दुपार झाली होती, पहाडाच्या डोक्यावरून ढग उतरत होते, बघता बघता आमच्या पायाशी आले. टपरीवाला म्हणाला, एक गद्दी बाई, इकडची मेंढपाळ, शेळ्यामेंढ्या घेऊन वर गेली, तुमच्या माताजी तिच्याशी बोलत बोलत गेल्या. वर म्हणजे कुठे, तर बर्फाकडे. प्रज्ञा हाका मारत पुढे धावली आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या गारा, समोरचं काही दिसेना. टपरीवाल्यानं आम्हाला दोघींना ताडपत्रीखाली ओढून घेतलं. त्या ताडपत्रीवरचा गारांचा आवाज मी विसरणार नाही. प्रज्ञा रडत होती आणि मला मनात दादाला काय सांगायचं याची वाक्यं सुचत होती, एकाहून एक वाईट.

गारा ओसरता ओसरता धुक्यातून एक आकृती आली. डोक्यावरून जाडीभरडी लोकरी घोंगडी, बूट चिखलानं आणि पाण्यानं भरलेले. मागे ती गद्दी बाई, काखेत एक करडू. वहिनी थरथर कापत होती, पण तिचे डोळे लख्ख होते. प्रज्ञानं तिला मिठी मारली आणि त्याच दमात म्हणाली, "आई, तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तं पाहून तरी झालं असतं," वहिनी म्हणाली.

प्रज्ञा त्यावर खाली उतरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. तिचा राग खोटा नव्हता, मलाही तो पटत होता. वाटेवर गारांचा पांढरा थर, प्रत्येक पायरी निसरडी. अर्ध्यावर आलो असू नसू, समोरच्या वळणावरून एक माणूस येताना दिसला. तोंड कातळाकडे, दोन्ही हात कातळावर, भिंत चाचपडत चालणाऱ्या आंधळ्यासारखा आडवा आडवा सरकत येत होता. टोपी भिजलेली. तो दादा होता.

वहिनी जागीच थांबली. "तुमी काऊन आले?"

"गारा पडल्या," दादा कातळाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तू येऊन नाई राह्यली... म्हून आलो."

"गरगरत नाई?"

"खाली पाह्यलंच नाई. दगडच पाहत आलो."

तिनं त्याला तिथेच बसवलं, कातळाकडे तोंड करून, आणि स्वतः दरीच्या बाजूला बसली, त्याच्या आणि त्या खोल निळ्या पोकळीच्या मधोमध. मग त्याला सांगायला लागली. बर्फ पायाखाली साखरेसारखा वाजते. ती गद्दी बाई मेंढ्या घेऊन दरसाल वरची खिंड ओलांडून पलीकडे चंब्याला जाते, तिचं माहेर तिकडचं आहे, सासर इकडचं. खिंडीतून काय दिसते असं विचारलं तर ती हसून म्हणाली, और पहाड. "त्याच्या मांगं अजून पहाडच आहे म्हणते," वहिनी म्हणाली. "अन् तरी थे दर साली जाते." दादा कातळावर बोट फिरवत ऐकत होता. त्यानं विचारलं, "घोंगडी कुठी गेली?" "वापस केली न. तिले लागन." प्रज्ञा माझ्याजवळ उभी होती. तिनं आपलं जॅकेट काढून आईच्या खांद्यावर टाकलं.

त्यानंतर वहिनीचा गुडघा महिनाभर सुजलेला होता. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. दादात मात्र मला फरक दिसला. तो बोलका झाला असं नाही, पण दोघं जेवताना मी कधी गेले तर वहिनी त्याला त्याच्या लहानपणाचं काहीबाही विचारत असायची, आणि तो घास हातात धरून आठवत असायचा. यंदा दवाखान्यात सोनोग्राफी करताना तिनं तिथल्या मुलीला पडदा आपल्याकडे वळवायला लावला. "माह्या पोटात आहे, तं मलेबी दाखव," म्हणाली. नर्सच ती. पाहिलं तेव्हाच तिला समजलं असणार. बाहेर येऊन ती मला एवढंच म्हणाली, "आतून अगदी आभाळासारखं दिसते बाई, पांढरं-काळं." मी तिची शाल नीट केली.

गेल्या रविवारी आंजीला गेले होते. घराच्या छपरीत, पुढच्या ओसरीत, एक लाकडी बाकडं आहे. पूर्वी ते भिंतीकडे असायचं. निवृत्त झाल्यावर वहिनीनं ते रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि दुपारचा चहा दोघं तिथेच घेऊ लागली. त्या दिवशी दादा त्याच्या नेहमीच्या टोकाला बसला होता. दुसरं टोक त्यानं रिकामं सोडलं होतं. मी तिथे बसावं की नाही हे न कळून पायरीवर बसले. तेवढ्यात रस्त्यानं कच्छकडची मेंढपाळ मंडळी निघाली. पुढे मेंढ्यांचा कळप, धूळ, मागे उंट, उंटांवर उलट्या बांधलेल्या बाजा आणि त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, एक झोपलेलं लेकरू. दादा उठला. फाटकापाशी जाऊन थोडा घुटमळला. मग उंटाची दोरी धरून चाललेल्या बाईला त्यानं विचारलं, "कहाँ से आए?" तिनं काहीतरी सांगितलं. तो मान डोलवून परत आला, बसला, थंड झालेला चहा उचलला.

"कच्छातून आले म्हणते," तो म्हणाला.

मी हुंकार दिला. धूळ खाली बसत होती. शेवटचा उंट वळणाशी पोचला होता. दादा कप तोंडाला न लावता तिकडे पाहत होता.

"कुठी चालले, थे इचाराचं राहूनच गेलं," तो म्हणाला. कप बाकड्यावर ठेवून त्यानं पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडंच टाकून भराभर त्यांच्या मागे निघाला.